ढेकूळ भिजलं का हो?

अक्षय्य तृतीया म्हटलं की आपल्याला काय आठवतं? सोनं, आमरस आणि जमलीच तर सुट्टी. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळ गावात मात्र त्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. एक गोल आखायचा, कडेने गहू, ज्वारी, तूर, सरकी अशी 18 धान्यं. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांच्यावर पाण्याची घागर, घागरीवर पापड, कुरडई. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. पहाटे बघायचं, कुठलं ढेकूळ किती भिजलं, कुठलं धान्य हललं. झालं वर्षाचं भाकीत! पाऊस, पीक, झालंच तर राजकारणसुद्धा. 350 वर्षांची परंपरा म्हणतात, आणि चॅनेलवाले दरवर्षी हजर.

सॉलिड प्रकार आहे, मला आवडतोही. माझा प्रश्न साधा आहे: मागच्या वर्षीच्या भाकिताचं काय झालं, हे कोण विचारतं? ‘जूनमध्ये कमी, जुलैत साधारण, ऑगस्टमध्ये चांगला’ हे चुकणार तरी कसं? कुठल्या ना कुठल्या तालुक्यात ते खरं ठरतंच.

तुम्ही म्हणाल, हवामान खातं तरी कुठे मोठं धुतल्या तांदळाचं? मान्य. 2002 मध्ये त्यांनी नॉर्मल पाऊस सांगितला आणि देशात तो 19 टक्के कमी पडला. पण 2003 मध्ये त्यांनी मॉडेलच बदललं. फरक इथेच आहे, बॉस. आकडा दिला होता, म्हणून चूक पकडता आली. ढेकळाला कोण पकडणार?

मग भेंडवळला गर्दी का होते? कारण खातं एप्रिलमध्ये अख्ख्या देशाचा पाऊस सांगतं आणि शेतकऱ्याला हवं असतं त्याचं शिवार. घट निदान त्याच्या तुरीचं नाव तरी घेतो. आपला काय, टाइमपास! बातमी वाचली, फॉरवर्ड केली, संपलं. तिकडे बियाणं उधारीवर आणलेलं असतं आणि पाऊस दडी मारून बसला की दुबार पेरणी, म्हणजे तोच खर्च पुन्हा. कृषी खात्याचा सल्ला एकदम बोअरिंग असतो: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. त्यात घागर नाही, कुरडई नाही, म्हणून हेडलाइनही नाही.

तेव्हा घट जरूर मांडा, गर्दी जमवा, फोटो काढा. फक्त नवं भाकीत सांगण्याआधी मागच्या वर्षीचं सगळ्यांसमोर वाचून दाखवा. आणि पेरायचं कधी, ते स्वतःच्या शेतातलं ढेकूळ हातात घेऊन ठरवा. घटातलं नव्हे.