जमिनीखालची जबाबदारी

उच्च न्यायालय, लष्करी छावणी आणि आयुध निर्माणी यांच्याभोवती वाढलेल्या जबलपुरात राइट टाउन, नेपियर टाउनसारख्या जुन्या वस्त्यांतील जमीन आता मोलाची झाली आहे. अशा शहरात एखादा जुना पेट्रोल पंप बंद पडला की छत उतरते, यंत्रे जातात आणि भूखंडाचे सौदे सुरू होतात. जमिनीखालच्या टाक्यांचे काय झाले, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

या प्रश्नाचे गांभीर्य मुंबईने अनुभवले आहे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपर येथील पंपावर महाकाय जाहिरातफलक कोसळून १७ जणांचा बळी गेला. लोखंड कापल्याशिवाय खाली अडकलेल्यांपर्यंत पोहोचणे कठीण होते; परंतु पेट्रोलच्या साठ्यामुळे गॅस कटर वापरणे बचाव पथकांना धोक्याचे वाटत होते. पंप पाडणाऱ्या कंत्राटदारापुढेही हाच धोका असतो. किंबहुना, भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक असते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के मिसळली की एक ठिणगी पुरते. म्हणूनच वीज तोडणे, नळ विलग करणे, पाणी वा नायट्रोजन भरून वाफ बाहेर काढणे, उपकरणाने तपासणी करणे आणि त्यानंतरच टाकी उचलणे, हा क्रम टाळता येत नाही.

दुसरा धोका संथ आहे. देशभर शिसेविरहित पेट्रोल आले ते २००० साली. त्यापूर्वीच्या टाक्यांच्या तळगाळात शिसे असू शकते. गळती झाली असल्यास बेंझिन भूजलात उतरते. जबलपूरने तर २२ मे १९९७ चा भूकंप सोसला आहे. त्या वेळी जमिनीत असलेल्या टाक्या व नळ शाबूत राहिले, असे तपासल्याविना गृहीत धरणे योग्य नव्हे.

कायदे नाहीत असे नाही. १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि २००२ चे नियम परवान्यापासून टाकीच्या दुरुस्तीपर्यंत बंधने घालतात. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांबाबत नियम अधिसूचित केले. संशयित जागांची यादी स्थानिक संस्था वा जिल्हा प्रशासनाने करावी, तपासणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने करावी आणि खर्च जबाबदार ठरणाऱ्याने सोसावा, अशी त्यांची रचना आहे. तथापि, यादी तयार होण्याआधीच त्या जागी इमारत उभी राहिली तर? परवाना विस्फोटक खात्याचा, माती प्रदूषण मंडळाची आणि बांधकाम महापालिकेचे. या तीन मेजांच्या मधल्या फटीतच जबाबदारी हरवण्याची भीती आहे.

या हलगर्जीपणाला इतिहासही आहे. १९७६ मध्ये बर्मा-शेलचे राष्ट्रीयीकरण झाले आणि तिचे भाडेपट्टे सरकारी कंपनीकडे आले. अशा पट्ट्यांच्या नूतनीकरणावरून जमीनमालक आणि तेल कंपन्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. वाद होता तो ताब्याचा आणि भाड्याचा. परत करावयाच्या जमिनीच्या प्रकृतीचा नव्हे. अमेरिकेने १९८६ मध्येच इंधनावर अल्प कर लावून गळक्या टाक्यांच्या सफाईसाठी निधी उभारला. तेथे आजवर दहा लाखांहून अधिक भूमिगत टाक्या रीतसर बंद झाल्या आहेत.

आपल्याकडे उपाय खर्चिक नाही. टाकी वायुमुक्त करून काढल्याचा आणि माती तपासल्याचा एकत्रित दाखला असल्याशिवाय महापालिकेने त्या भूखंडावर बांधकामाची परवानगी देऊ नये, एवढी दुरुस्ती नियमांत व्हावी. हे नियम संसदेच्या पटलावर ठेवले जातात. तेथे हा प्रश्न खासदारांनी विचारावयास हवा. पेट्रोलियम व विस्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे आणि १९५६ पर्यंत जबलपूरचा कारभारही नागपुरातूनच चालत असे. जुन्या राजधानीने या कामी पुढाकार घेतला, तर तो उचितच ठरेल. पंप सुरू करताना आपण डझनभर कागद मागतो. तो संपल्याचा एक कागद मागणे जड जाऊ नये.