तरंगणारे हवाई जहाज परत येईल का?

आपल्या घरांतल्या उर्दू-दखनीत विमानाला ‘हवाई जहाज’ म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण विमानाला तो तितकासा लागू पडत नाही. विमानाला हवेत राहण्यासाठी सतत पुढे जावे लागते. जहाजाचे तसे नाही. ते एका जागी उभे राहू शकते, कारण पाणीच त्याला उचलून धरते. खऱ्या अर्थाने ‘हवाई जहाज’ म्हणावे असे वाहन वेगळेच आहे. हवेपेक्षा हलका वायू पोटात भरून तरंगणारी वायुनौका, म्हणजे एअरशिप. जर्मनीत ज्या सरदाराने तिला नावारूपाला आणले त्याच्यावरून तिला झेपेलिनही म्हणतात.

हे वाहन १९३७ नंतर इतिहासजमा झाले असे सगळ्यांनी धरले होते. आता मात्र पुन्हा त्याची चर्चा सुरू आहे. गूगलचे सहसंस्थापक सर्गेई ब्रिन यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या कंपनीची १२४ मीटर लांबीची ‘पाथफाइंडर १’ ही नौका २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात मोकळ्या हवेत उडाली. ब्रिटनमधील एका कंपनीच्या ‘एअरलँडर १०’ या शंभर प्रवासी नेऊ शकणाऱ्या दहा नौकांसाठी स्पेनच्या एअर नोस्ट्रम या विमान कंपनीने २०२२ मध्ये नोंदणी केली. फ्रान्समध्ये ६० टन माल उचलणाऱ्या नौकेची तयारी चालू आहे. आपल्याकडे डीआरडीओने ३ मे २०२५ रोजी मध्य प्रदेशातल्या श्योपूर येथून एक मानवरहित वायुनौका सुमारे १७ किलोमीटर उंचीवर पाठवली. तेव्हा प्रश्न अगदीच हवेतला नाही.

माझे मत असे, की वायुनौका परत येईल, पण प्रवासी विमानाची जागा ती घेणार नाही. आणि ज्या कामासाठी ती सर्वांत आधी येईल, त्या कामाबद्दल आपल्याकडे कुणी बोलतच नाही. ते काम कोणते, ते शेवटी सांगतो. आधी थोडा हिशेब.

वायुनौका म्हटले की लोकांना ‘हिंडेनबुर्ग’ आठवते. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेतील लेकहर्स्ट येथे उतरताना ही जर्मन नौका पेटली आणि ३६ माणसे गेली. तिच्या पोटात ज्वालाग्राही हायड्रोजन होता. त्यावरून असा समज रूढ झाला, की हायड्रोजनऐवजी न पेटणारा हेलियम वापरला की प्रश्न संपला. हा समज अर्धवट आहे. अमेरिकी नौदलाच्या ‘अॅक्रॉन’मध्ये हेलियमच होता. ४ एप्रिल १९३३ रोजी ती वादळात सापडून समुद्रात कोसळली आणि ७६ पैकी ७३ जण मेले. तिची जोडीदार ‘मॅकॉन’ही १९३५ मध्ये समुद्रात गेली. या नौकांना आगीने नव्हे, वाऱ्याने मारले. हिंडेनबुर्गचे चित्रण झाले, तिची हकिगत रेडिओवर गेली, म्हणून ती लक्षात राहिली. अॅक्रॉनचे मरण कुणी चित्रित केले नव्हते.

तिसरी कहाणी तर आपल्या जवळची आहे. ब्रिटिश सरकारला लंडनहून भारतात वायुनौकेने यायचे होते. त्यासाठी कराचीत नौका बांधायचा मनोरा आणि तिला ठेवायची प्रचंड शेड उभी केली गेली. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. तो वेगळा झाला १९३६ मध्ये. म्हणजे भारताकडे निघालेली ही पहिली प्रवासी वायुनौका मुंबई इलाख्यातच उतरणार होती. तिचे नाव ‘आर १०१’. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी ती कार्डिंग्टनहून निघाली आणि रात्र सरायच्या आत फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ पावसा-वाऱ्यात टेकडीवर आदळून जळाली. ५४ पैकी ४८ माणसे गेली. हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसन त्यात होते.

ही नौका निघायला तयारच नव्हती. वजन जास्त भरले म्हणून तिला मधोमध कापून लांब केले होते. त्यानंतर एकच चाचणी उड्डाण झाले, आणि त्यातही पूर्ण वेगाची चाचणी झाली नाही. पण मंत्र्यांना भारतात जाऊन त्याच महिन्यात लंडनच्या साम्राज्य परिषदेला परतायचे होते. तारीख ठरली होती, त्या तारखेला नौका निघाली. कराचीच्या शेडमध्ये एकही वायुनौका कधी आली नाही. पुढे ती शेडही पाडली गेली. याच काळात ‘ग्राफ झेपेलिन’ ही जर्मन नौका दहा लाख मैलांहून जास्त उडाली आणि तिच्या एकाही प्रवाशाला इजा झाली नाही. तिच्यातही हायड्रोजनच होता. तिचे प्रमुख ह्यूगो एकनर हवामान पाहून निर्णय घेत, तारीख पाहून नव्हे. तंत्र कितीही सुधारले तरी हा फरक आजही कायम आहे.

आता आजचा हिशेब. एक घनमीटर हेलियम समुद्रसपाटीला साधारण एक किलो वजन उचलतो. हा निसर्गाचा नियम आहे, तो कुणी कंपनी बदलू शकत नाही. म्हणून दहा टन माल न्यायचा तर नुसत्या मालासाठी दहा हजार घनमीटर वायू लागतो. नौकेचे स्वतःचे वजन वेगळे. इतके मोठे शरीर झाले की वारा त्याला शिडासारखे धरतो. उंचीवर हवा विरळ होते. लेहच्या उंचीवर तीच नौका सुमारे तीस टक्के कमी वजन उचलेल. त्यामुळे ‘लडाखला रस्ता नको, वायुनौका पुरे’ असे कुणी म्हणाले तर आधी हा आकडा विचारावा. आणखी एक अडचण माल उतरवताना येते. साठ टन माल खाली ठेवला की नौका वर झेपावणार. तिला धरून ठेवायला तेवढ्याच वजनाचे पाणी किंवा दुसरा माल तिथे भरावा लागतो. जिथे रस्ताच नाही तिथे तो कुठून आणायचा?

आपल्या समाजात या विषयावर बोलताना हजचा उल्लेख निघतोच. मुंबईहून जिद्दाला जाणारी हाजींची जहाजे १९९५ मध्ये बंद झाली. जुन्या हाजींच्या बोलण्यात त्या सफरीची हळहळ अजून असते. विमानाने पाच-साडेपाच तासांत पोहोचण्यापेक्षा हळूहळू जाणे, वाटेत मन तयार होणे, यात एक अर्थ होता हे मान्य. मग विमान आणि जहाज यांच्या मधली वायुनौका का नको? मुंबई-जिद्दा अंतर हवाई मार्गाने सुमारे ३५०० किलोमीटर. ताशी ११० किलोमीटर वेगाने, वारा आडवा आला नाही तर, ३२ तास. ऐकायला छान वाटते. पण २०२४ मध्ये भारताचा हज कोटा १,७५,०२५ होता. शंभर प्रवाशांची नौका चार दिवसांत एक फेरी करून परतली असे धरले, तर चाळीस दिवसांत ती एक हजार हाजी नेईल. सगळ्यांसाठी १७५ नौका लागतील. आज जगात अशी एकही नौका नियमित प्रवासी सेवेत नाही. हळू प्रवासाची हौस पुरवायची असेल तर समुद्रातले जहाज जास्त माणसे, जास्त सामान आणि कमी धोक्यात नेईल. वायुनौकेचे तिकीट परवडणारा हाजी हा बहुधा पंचतारांकित पॅकेजवाला हाजी असेल.

दुसरा मुद्दा हेलियमचा. हा वायू आपण तयार करत नाही. तो जमिनीच्या पोटात लाखो-कोट्यवधी वर्षांत साठतो, नैसर्गिक वायूबरोबर वर येतो आणि एकदा हवेत सुटला की हाती लागत नाही. कतार त्याचा मोठा पुरवठादार आहे. २०१७ मध्ये सौदी आणि शेजारी देशांनी कतारची नाकेबंदी केली तेव्हा तिथले हेलियम प्रकल्प काही काळ बंद ठेवावे लागले आणि जगभर टंचाईची भीती पसरली. हाच हेलियम रुग्णालयातल्या एमआरआय यंत्राचे चुंबक थंड ठेवतो. नेहमीच्या एमआरआयमध्ये दीड-दोन हजार लिटर द्रव हेलियम असतो. एअरलँडर १० च्या पोटात ३८,००० घनमीटर हेलियम मावतो, म्हणजे साधारण तीस एमआरआय यंत्रांचा साठा. इस्लामने ज्याला इस्राफ म्हटले आहे, त्या उधळपट्टीची व्याख्या इथे लावून पाहावी. पूरग्रस्तांना औषधे नेण्यासाठी हा वायू वापरला तर ते सार्थक आहे. श्रीमंतांच्या ढगांवरच्या मेजवानीसाठी वापरला तर तो इस्राफच. काही जण आता पुन्हा हायड्रोजनकडे वळा म्हणतात. माल नेणाऱ्या मानवरहित नौकेपुरता त्याचा विचार व्हायला हरकत नाही. माणसे बसवायची तर मात्र सुरक्षिततेचा पुरावा आधी हवा.

वायुनौकेच्या बाजूनेही बोलले पाहिजे. हवेत राहण्यासाठी तिला इंधन जाळावे लागत नाही. ते फक्त पुढे जाण्यासाठी लागते. जगाच्या कार्बन उत्सर्जनात विमान वाहतुकीचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे हा फायदा लहान नाही. पवनचक्कीची लांब पाती डोंगरावर नेणे, भूकंपानंतर तुटलेल्या भागावर मोबाइलचा सिग्नल धरून ठेवणे, धावपट्टी नसलेल्या बेटावर माल उतरवणे, ही कामे तिला जमू शकतात. पण ‘जमू शकतात’ आणि ‘जमली’ यांत अंतर आहे. जर्मनीच्या कार्गोलिफ्टर कंपनीने १६० टन उचलणाऱ्या नौकेचे स्वप्न दाखवले. हजारो सामान्य लोकांनी शेअर घेतले. बर्लिनजवळ ३६० मीटर लांबीची शेड उभी राहिली. २००२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. नौका झालीच नाही, आणि त्या शेडमध्ये आज ताडामाडांची झाडे लावलेले सहलीचे ठिकाण आहे. चमकदार योजनांत पुंजी घालून बसलेली घरे आपल्या मोहल्ल्यांतही आहेत, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

आता राहिलेला मुद्दा. वायुनौका एका जागी दिवसेंदिवस उभी राहू शकते, हा तिचा सर्वांत मोठा गुण. या गुणाला सर्वांत जास्त पैसे कोण मोजतो? लष्कर. एअरलँडरचे मूळच अमेरिकी लष्कराच्या एका प्रकल्पात आहे. ती अफगाणिस्तानवर टेहळणीसाठी हवी होती. २०१३ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला. पण दोराने बांधलेले कॅमेऱ्यांचे पांढरे फुगे काबूलवर अनेक वर्षे होते, आणि खाली राहणाऱ्यांना आपल्या अंगणावर कुणाची तरी नजर आहे हे रोज दिसत होते. आपल्या डीआरडीओच्या प्रयोगाचा हेतूही प्रामुख्याने टेहळणी आणि निरीक्षण हाच आहे. सीमेवर त्याची गरज आहे, त्याला माझा विरोध नाही. पण उद्या अशी नौका शहरावर उभी राहिली, तर तिचे चित्रण कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, कोणत्या वस्तीवर ती जास्त वेळ थांबणार, हे प्रश्न आधी विचारायला हवेत. ज्या वस्त्यांवर संशयाची नजर आधीच असते त्यांनी तर नक्कीच.

म्हणून वायुनौकेचे स्वागत करायचे तर तीन अटींवर करावे. तिच्या उड्डाणाची तारीख हवामान आणि अभियंते ठरवतील, मंत्री नव्हे. हेलियम ही अमानत आहे असे समजून तो गरजेच्या कामालाच द्यावा. आणि नागरी भागावर टेहळणी करण्याआधी त्यासाठी कायदा असावा. या अटी पाळल्या तर हे खरेखुरे हवाई जहाज थोडी पण चांगली कामे करील. न पाळल्या तर १९३० ची घाई फक्त नव्या कापडात शिवून परत येईल.