बहिणीचा वाटा कोणी दिला?

आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या गावांत, पोलादपूरपासून महाडपर्यंत, एक समज पक्का आहे: मुलगा मुंबईत कमावतो आणि म्हातारी माणसे त्याच्या पैशावर जगतात. मनीऑर्डरीच्या काळात ते बरेचसे खरे होते. पण देणे तेव्हाही एकतर्फी नव्हते. गणपती उरकून चाकरमानी परत निघाला की तांदळाची गोणी, नाचणी, कुळीथ एसटीच्या टपावर चढायचे. 18 जानेवारी 1982 पासून संपामुळे मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, तेव्हा कोकणातले कित्येक गिरणीकामगार बायकामुलांना घेऊन गावी आले आणि आईबापांच्या भातावर राहिले. संपाचा हिशेब मांडताना या भाताची किंमत क्वचितच कोणी धरतो.

म्हणून चाळिशीतल्या मुलाने घरून पैसे घेतले तर आम्हाला त्यात लाजण्यासारखे काही दिसत नाही. सज्ञान, धडधाकट मुलाला पोसण्याचे बंधन कायद्याने आईबापांवर घातलेले नाही. ते देतात ते मायेपोटी. आणि नालासोपाऱ्यातल्या किंवा बदलापुरातल्या फ्लॅटचे सुरुवातीचे पैसे साध्या पगारातून उभे राहणे कठीणच.

पण पूर्वी आईबाप पीक देत, आता जमीन देतात. पीक पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येते. विकलेली जमीन येत नाही. आणि ती वडिलोपार्जित असेल तर एकट्या बापाची नसतेच. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. हा हक्क तिला जन्मानेच मिळतो, त्यासाठी 2005 साली वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. तरीही मुलगी सासरहून येते, दुय्यम निबंधकाकडे जाऊन हक्कसोडपत्रावर सही करते आणि परत जाते. माहेर तुटेल ही भीती तिला असते, आणि ती खोटी नसते. त्या सहीमुळे विकता आलेल्या जमिनीतून भावाचा फ्लॅट होतो. ‘बाबांनी मदत केली,’ असे सगळे म्हणतात. बहिणीनेही केली, हे कोणी म्हणत नाही. पुढे आई अंथरुणाला खिळली की सेवेला बहुधा तीच येते.

आईबापांनीही स्वतःसाठी काही राखले पाहिजे. मुलाच्या नावे शेतजमिनीचे किंवा राहत्या घराचे बक्षीसपत्र करायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये आहे, त्यामुळे ते पटकन होऊन जाते. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे 23 वे कलम सांगते की सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, परत मिळवता येते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. पण अट मुळात घातलीच नव्हती असे मुलाने म्हटले, तर ती सिद्ध करताना म्हाताऱ्यांची दमछाक होते. ‘आपल्याच पोराला अट कसली घालायची’ असे म्हणून लेखनिकाला अटीचे वाक्य गाळायला लावणारे बाप या तालुक्यांत काही कमी नाहीत. ते वाक्य गाळू नये. चांगल्या मुलाला त्याचा काही त्रास नाही.

आणि मुलाला द्यायची रक्कम ठरेल त्या दिवशी मुलीलाही बोलवावे, आकडा सांगावा. तिचा वाटा जमिनीत ठेवायचा की पैशात द्यायचा, हे तिने ठरवावे. सोडायचाच असेल तर खुशाल सोडावा, पण काय सोडते आहे ते कळून. विधी सेवा समितीकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट नसलेला मोफत सल्ला मिळतो. हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी तो घ्यावा, आणि तिथवर तिला भावानेच घेऊन जावे.