पाण्याचा तंटा आणि राजाची एकी

शेतकरी कधी एक होत नाही, वरच्या पाटाचा आणि खालच्या पाटाचा एकमेकांच्या उरावर बसतो, तेव्हा वर कोणी तरी खमक्या पाहिजे, असे सांगणारे शहाणे आपल्याला जागोजाग भेटतात. बैठकीतही भेटतात. खमक्याने एकी केली म्हणजे काय होते याच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी काही आजच्या इराकमध्ये माती-दगडांवर कोरलेल्या सापडल्या आहेत. त्या शेतकऱ्याच्या नजरेने वाचाव्यात असे आम्हाला वाटते.

टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या मधला दक्षिणेचा मुलूख. पाऊस नावालाच. शेती पाटपाण्याची, मुख्य पीक जवाचे. नगरे छोटी, प्रत्येकाचा देव वेगळा, राजा वेगळा, शीव वेगळी. उम्मा वरच्या अंगाला, लगाश खालच्या. दोघांच्या शिवेवर गुएदिन्ना नावाचे सकस रान होते. किशच्या मेसिलिम राजाने तंटा तोडून शिवेचा दगड रोवला, तो उम्माने उपटला. पुढे इ.स.पूर्व २४५० च्या सुमारास लगाशच्या एअन्नातुमने लढाई जिंकली आणि उम्माच्या लोकांना त्या रानाचा एक भाग जवाच्या बोलीवर कसायला दिला. आपल्याकडच्या वाढीदिढीचाच प्रकार. व्याज चढत गेले, फेडणे माणसाच्या आवाक्यात राहिले नाही, तेव्हा उम्माने पाटाचे पाणी तोडले. इतिहासाच्या पुस्तकात याला ‘नगरराज्यांची स्पर्धा’ म्हणतात. आम्हाला त्यात जप्तीला आलेला शेतकरी दिसतो.

याच लगाशमध्ये एन्तेमेना राजाने कर्जे माफ केल्याचीही नोंद आहे. त्यासाठी वापरलेला शब्द ‘अमार्गी’, म्हणजे शब्दशः आईकडे परतणे. कर्जापायी वेठीला गेलेले पोर घरी आले, ही कर्जमुक्तीची व्याख्या. पुढे इ.स.पूर्व २३५० च्या सुमारास उरुकागिनाने अधिकाऱ्यांची वसुली आवरली आणि बड्यांनी गरिबाचे घर जबरीने विकत घेऊ नये असा हुकूम काढला. त्याला दहा वर्षेही मिळाली नाहीत. उम्माच्या लुगालझागेसीने लगाश लुटले आणि दक्षिणेची बहुतेक नगरे घशात घातली.

मग आला अक्कडचा सारगॉन. दंतकथा म्हणते की बेवारस पोर टोपलीतून नदीत वाहत आले आणि पाणक्याने ते वाढवले. शर्रुकिन या त्याच्या नावाचा अर्थच ‘खरा राजा’. (ज्याच्या हक्काबद्दल कोणाला शंका नाही त्याला असे नाव घ्यावे लागत नाही.) इ.स.पूर्व २३३४ च्या आसपास तो गादीवर आला. लुगालझागेसीच्या मानेत खोडा अडकवून त्याने त्याला निप्पूरच्या वेशीपर्यंत फरफटवले. ३४ लढाया जिंकल्याचा त्याचा दावा आहे. उर, उरुक, उम्मा यांचे तट पाडले, नगरोनगरी अक्कडची माणसे कारभारी म्हणून बसवली, उरच्या चंद्रदेवाच्या देवळात मुलगी एन्हेदुआन्ना हिला मुख्य पुजारीण नेमले. मेलुह्हाची, म्हणजे बहुधा आपल्या सिंधूकाठची, जहाजे अक्कडच्या धक्क्याला लागू लागली. व्यापार वाढला हे आम्ही नाकारत नाही, व्यापाराशी आमचे वैर नाही.

पण त्याच्याच शिलालेखात एक वाक्य आहे : रोज ५४०० माणसे माझ्यासमोर भाकरी खातात. राजाला त्याचा अभिमान. आम्ही विचारतो, जव कोणाचा? नांगर न धरणारी ५४०० तोंडे रोज जेवत असतील तर ते धान्य कोणाच्या तरी खळ्यावरूनच उचलले गेले. पाण्यावरून भांडणारे दोघेही आता तिसऱ्याची पोती भरू लागले. एकी झाली ती वसुलीची. सारगॉनचा नातेवाईक नव्हे, सख्खा मुलगा मनिश्तुशु याचा एक काळा दगड पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. राजाने घराण्या-घराण्यांकडून घेतलेल्या मोठमोठ्या जमिनींचे ते खरेदीखत. लुटल्या नाहीत, मोल देऊन घेतल्या, असे कोणी म्हणेल. राजा दारात उभा राहून भाव सांगतो तेव्हा ‘विकायची नाही’ म्हणण्याची छाती किती जणांची असते?

ही एकी टिकवायला प्रत्येक पिढीला तलवार काढावी लागली. दुसरा मुलगा रिमुश याच्यावर दक्षिणेची नगरे उठली. मेलेल्यांचे आणि बंदिवानांचे आकडे त्याने स्वतःच हजारांत लिहून ठेवले. नातू नराम-सिनच्या वेळी तर सगळा मुलूख पेटला. उत्तरेत किशने आपला राजा निवडला, दक्षिणेत उरुकने अमारगिरिदला. त्याच्या बाजूने जी नगरे उभी राहिली त्यांत उम्मा होते आणि लगाशही होते. दीडशे वर्षे एका पाटासाठी एकमेकांची डोकी फोडणारे हे दोघे. नराम-सिनने वर्षभरात नऊ लढाया करून त्यांना चिरडले आणि स्वतःच्या नावापुढे देवाची खूण लावून घेतली.