बारा दिवस, नऊ देश आणि एक गुडघा

गेल्या रविवारी माझे मेहुणे आणि वहिनी नाशिकहून आले होते. चहा येईपर्यंत मेहुण्यांनी टीपॉयवर एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका ठेवली आणि म्हणाले, "दाजी, नक्की केलं एकदाचं. युरोप! बारा दिवस, नऊ देश."

मास्तरकीची खोड अजून गेलेली नाही. मी चष्मा लावून देश मोजायला बसलो. फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड, जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इटली.. झाले सात. मग आठवा आणि नववा कोणता? तर लिक्टेनश्टाइन आणि व्हॅटिकन! लिक्टेनश्टाइन अवघा १६० चौरस किलोमीटरचा. आमच्या एकट्या सिन्नर तालुक्यात असे कित्येक मावतील. व्हॅटिकन तर अर्धा चौरस किलोमीटरही नाही. पण गणती नऊ!

मेहुणे अडुसष्ट वर्षांचे आहेत. वहिनींच्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन गेल्या वर्षी झाले. मी म्हटले, "अहो, निम्म्या पैशांत एकाच गावी पंधरा दिवस राहून या." त्यावर ते म्हणाले, "दाजी, पुन्हा कधी जाणं होणार? जातोय तर सगळं बघून येऊ." आमचा थोडा वादच झाला. पोहे गार झाले. त्या दिवशी जे नीट मांडता आले नाही ते इथे मांडतो. मेहुणे हे वाचतात, हे मला ठाऊक आहे. रागावू नये.

माझा मुद्दा एवढाच, की आपण ज्याला युरोप-दर्शन म्हणतो ती युरोपची हजेरी असते. पॅरिस? हजर! ब्रसेल्स? हजर! पस्तीस वर्षे मी रोज सकाळी हजेरी घेतली आहे. हजर म्हणणारा प्रत्येक मुलगा वर्गात असतोच असे नाही, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

हे मी अनुभवाने बोलतो. २०१२ साली आम्ही दोघे अशाच एका सहलीला गेलो होतो. (कंपनीचे नाव सांगत नाही, कारण तक्रार एका कंपनीविरुद्ध नाहीच.) सकाळी साडेपाचला उठायचे, सातला बॅगा बाहेर, आठला बस. लूव्रमध्ये मोनालिसापुढे तोबा गर्दी. चित्र ७७ बाय ५३ सेंटिमीटरचे, आपल्या घरातल्या मध्यम आरशाएवढे. मला दिसले ते पुढच्या माणसाच्या मोबाइलमध्ये. टिटलिसच्या बर्फावर आम्हाला पाऊण तास होता. त्यातला अर्धा तास प्रसाधनगृहाच्या रांगेत गेला. हे हसण्यावारी नेता येते.

पण एक गोष्ट नेता येत नाही. आमची ही तेव्हापासूनच हळू चालते. तिसऱ्या दिवशी टूर लीडर मुलगा अगदी प्रेमाने म्हणाला, "आजी, तुम्ही बसमध्येच बसा ना, उगीच सगळ्यांना उशीर होतो." तो मुलगा वाईट नव्हता. त्याच्या हातातला कागद वाईट होता. पुढे ही स्वतःहूनच बसमध्ये बसू लागली. निम्मा युरोप तिने पार्किंगमधून पाहिला. घरी आल्यावर महिनाभराने एका रात्री म्हणाली, "अहो, माझ्यामुळे तुमचंही नीट बघणं झालं नाही." साठी ओलांडलेली बाई, आयुष्यभर दुसऱ्यांसाठी खपलेली, आयुष्यभराच्या साठवणीतून पैसे भरून गेली आणि परत काय घेऊन आली? तर अपराधीपणा! मेहुणे, तुमच्या वहिनींचा.. म्हणजे माझ्या वहिनींचा गुडघा मला म्हणूनच आठवतो.

गंमत पाहा. युरोपात बसचालकाला कायद्याचे संरक्षण आहे. साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबायचे, दिवसाला साधारण नऊ तासांपेक्षा जास्त चालवायचे नाही, रोजची विश्रांती ठरलेली. फार चांगला कायदा आहे. पण मागच्या सीटवर बसलेल्या सत्तरीतल्या प्रवाशासाठी कुठे काही कायदा नाही! गाडी हाकणारा ताजातवाना आणि गाडीतले अर्धमेले.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपल्या मराठी टूर कंपन्यांनी मोठे काम केले आहे. ज्यांना इंग्रजीची भीती वाटते, ज्यांनी कधी विमान पाहिले नाही, ज्या बायका एकट्या कधी नाशिकच्या पुढे गेल्या नाहीत, त्यांना या लोकांनी आल्प्सवर नेले आणि वर गरम वरणभात वाढला. ही लहान गोष्ट नाही. त्यांच्यामुळेच आमच्यासारख्यांची भीड चेपली. माझा राग त्यांच्यापेक्षा आपल्यावर आहे. पुस्तिकेत दोन सहली शेजारी छापल्या आणि एकीत सात देश, दुसरीत नऊ असले, तर आपण नऊवाली निवडतो. भाजी तोलून घेतो तसे देश तोलून घेतो. जे विकले जाते तेच दुकानदार मांडणार.

त्यानंतर २०१८ च्या मे महिन्यात आम्ही दोघेच गेलो. फ्रान्समधले स्ट्रासबुर्ग नावाचे गाव, तीन आठवडे. भाच्याने इंटरनेटवरून स्वयंपाकघर असलेली एक खोली ठरवून दिली. नातलगांनी विचारले, "तीन आठवडे एकाच गावात काय करणार?" खरे सांगतो, मलाही तोच प्रश्न पडला होता.

काय केले? पहिल्या रविवारी उपाशी राहता राहता वाचलो, कारण तिथे रविवारी दुकाने बंद असतात हे ठाऊक नव्हते. हिने बरोबर नेलेल्या तांदूळ-डाळीची खिचडी केली. दुसऱ्या दिवसापासून बाजार कळला, बेकरी कळली, कोणत्या ट्रामला गर्दी नसते ते कळले. ट्रामची पायरी फलाटाच्या बरोबरीने असते, त्यामुळे गुडघ्याला त्रास नाही. हीच ट्राम २०१७ पासून ऱ्हाइन नदी ओलांडून पलीकडच्या केल गावी जाते. ते गाव जर्मनीत! आम्ही भाजी आणायला दुसऱ्या देशात जात होतो. मेहुणे, मोजायचेच असतील तर हे दोन देश धरा.

तिथल्या कॅथेड्रलचे शिखर १४२ मीटर उंच आहे. दोनशेहून अधिक वर्षे ती जगातली सर्वांत उंच इमारत होती. आत एक मोठे खगोलीय घड्याळ आहे. त्याचे सध्याचे यंत्र १८४३ साली पुरे झाले. त्यात रोज दुपारी ख्रिस्ताच्या शिष्यांच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, ती साडेबाराला, कारण हे घड्याळ गावच्या स्वतःच्या सूर्यवेळेवर चालते. म्हणजे साडेबाराला बारा वाजतात! मला एकदम वडिलांची आठवण झाली. ते 'मुंबई टाइम'च्या गोष्टी सांगत. सगळा देश एका वेळेवर आला तरी मुंबईने आपली ३९ मिनिटे मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. हे घड्याळ मी चार वेळा पाहिले. पहिल्यांदा पुतळे दिसले, चौथ्यांदा वडील आठवले. एकदाच गेलो असतो तर पुतळेच दिसले असते.

आता मुख्य गोष्ट. मी शाळेत इतिहास शिकवायचो. 'अल्सेस-लॉरेन' ही टीप किती वर्षे लिहून दिली असेल याची गणतीच नाही. १८७१ मध्ये जर्मनीने घेतले, १९१८ मध्ये फ्रान्सला परत मिळाले, १९४० मध्ये पुन्हा जर्मनी, १९४४ मध्ये पुन्हा फ्रान्स. चार सनावळ्या, चार गुण. हे स्ट्रासबुर्ग म्हणजे त्याच अल्सेसचे मुख्य गाव.

नवव्या की दहाव्या दिवशी करण्यासारखे काहीच नव्हते म्हणून आम्ही रिपब्लिक चौकातल्या बागेत बाकावर बसलो होतो. मध्यभागी एक स्मारक आहे, १९३६ सालचे. एक आई बसली आहे आणि तिने दोन मरणोन्मुख तरुण मुलांना सावरून धरले आहे. ही बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "अहो, हे शिपाई ना? मग यांच्या अंगावर गणवेश का नाहीत?"

मला उत्तर आले नाही! शेजारच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ होते, त्यांना मोडक्या इंग्रजीत विचारले. त्यांनी तितक्याच मोडक्या इंग्रजीत सांगितले, की एक मुलगा जर्मनीच्या बाजूने लढताना मेला आणि एक फ्रान्सच्या. गणवेश घातला तर आईला एकालाच मांडीवर घेता येईल. इतर गावांच्या स्मारकांवर 'फ्रान्ससाठी मेलेले' असे लिहिलेले असते. इथे फक्त 'आमच्या मृतांना' एवढेच आहे.

मी पस्तीस वर्षे जे शिकवले ते मला त्या बाकावर कळले. आणि प्रश्न कोणी विचारला? जिला २०१२ साली बसमध्ये बसवून ठेवले होते तिने! ती हळू चालते म्हणूनच तिला दिसते. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "या वेळी माझ्यामुळे काही राहिलं नाही ना?" मी काय बोलणार.

मग २०२३ मध्ये बेल्जियममधल्या गेंट गावी दोन आठवडे राहिलो. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

लोक म्हणतात, या वयात तीर्थयात्रा कराव्यात, हे काय युरोप युरोप? अहो, हळू जाणे ही तर आपलीच रीत आहे. आळंदीहून निघालेली पालखी पंढरपूरला पोचायला अठरा-वीस दिवस लागतात. एसटीने सात-आठ तासांत पोचता येते. म्हणून कोणी वारकऱ्याला वेडा म्हणतो का? वारीत मुक्कामांना मान असतो. गोडसे भटजी १८५७ मध्ये उत्तरेत गेले ते अडीच-तीन वर्षांनी घरी परतले, म्हणून 'माझा प्रवास' झाला. दुसरे म्हणतात, पैसे मुलांना ठेवा. मुलांना शिक्षण दिले, ती आपापली कमावतात. आणि हिशेबच हवा असेल, तर तीन आठवड्यांचा आमच्या दोघांचा खर्च त्या वर्षीच्या बारा दिवसांच्या सहलीपेक्षा कमीच झाला, कारण स्वयंपाक घरी होता आणि रोज हॉटेल बदलायचे नव्हते. व्हिसासाठी थोडी धावपळ झाली, वयामुळे विम्याचा हप्ता जास्त पडला, हेही सांगतो. पण जमले. मी काही साहेब नाही, पेन्शनवर जगणारा मराठी माध्यमाचा बी.ए. आहे. मला जमले तर मेहुण्यांना का जमू नये?

आता स्वतःचाही कान पकडतो. ही हजेरीची सवय लावली कोणी? आम्ही मास्तरांनीच! तीन दिवसांत रायगड, प्रतापगड, महाबळेश्वर, वाई आणि पुणे अशा सहली मी स्वतः नेल्या आहेत. शिट्टी वाजवून मुलांना बसमध्ये कोंबले आहे. सहलीनंतरच्या निबंधात एका मुलाने लिहिले होते, "आम्ही रायगड पाहिला. मग जेवलो. मग प्रतापगड पाहिला." मी त्याला दहापैकी सात गुण दिले. ते गुण खरे तर माझे होते आणि सातही जास्तच होते.

आमच्या गावातले गोंदेश्वर घ्या. यादवकाळातले, बाराव्या शतकाच्या सुमाराचे काळ्या दगडाचे पंचायतन. मध्ये महादेव आणि चार कोपऱ्यांना पार्वती, गणपती, सूर्य आणि विष्णू यांची मंदिरे. शिर्डीला जाणाऱ्या गाड्या कधी कधी थांबतात. दहा मिनिटे, दोन फोटो, चला! मी तरी काय वेगळे केले? दर वर्षी वर्ग नेला, रांगेत एक प्रदक्षिणा घालायला लावली आणि डबे सोडायला सांगितले. स्ट्रासबुर्गहून आल्यावर आम्ही दोघे एका सकाळी तिथे दोन तास नुसते बसलो. ऊन सरकते तशी भिंतीवरची एकेक मूर्ती पुढे येते, हे मला सिन्नरमध्ये जन्म काढून सत्तरीच्या उंबरठ्यावर दिसले.

मेहुणे, 'सगळे' कोणालाच दिसत नाही. नऊ देश पळून पाहिले तरी उरलेला युरोप राहतोच. राहायचेच असेल तर नीट पाहून झाल्यावर राहू दे. पुन्हा जाणे होणार नाही म्हणता, म्हणून तर घाई करू नका!

सहलीचा पुढचा हप्ता पंचवीस तारखेला भरायचा आहे म्हणे. काल आमच्या हिने वहिनींना फोन केला होता. तासभर दार लावून बोलणे चालले होते. काय ठरले ते मला सांगितलेले नाही. "तुम्ही मध्ये पडू नका, तुमच्यामुळे पोहे गार होतात," एवढेच म्हणाली.

असो. आपल्यापैकी कोणी असे एका गावी राहून आले असतील तर अनुभव जरूर कळवा. मेहुण्यांना दाखवायला उपयोगी पडतील.