यंत्राची मोजणी आणि गरिबांचे मौन

हवामानबदलाला तोंड देण्यासाठी जगात कोठे काय घडत आहे, याचा हिशेब मांडण्याचे काम आता संगणकाकडे आले आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत ४८ हजारांहून अधिक शोधनिबंध ‘मशीन लर्निंग’च्या तंत्राने चाळण्यात आले, निवडलेले १,६८२ निबंध माणसांनी वाचले. निष्कर्ष असा की, उपाय विखुरलेले व तुटपुंजे आहेत आणि त्यांमुळे धोका प्रत्यक्षात कमी झाल्याचा पुरावा नगण्य आहे.

राज्यकर्त्यांच्या घोषणाबाजीला ही सणसणीत चपराक आहे. म्हणून यंत्राला सरसकट शत्रू ठरविणे हा भाबडेपणा होईल. परंतु त्याच्यापुढे हात जोडणे अधिक घातक आहे. या तंत्रात काही निबंधांवर आधी माणसेच ‘उपयुक्त’ वा ‘निरुपयोगी’ असा शिक्का मारतात. यंत्र त्या शिक्क्यांवरून शिकते आणि तोच निवाडा हजारोंना लावते. निःपक्षपाती म्हणून मिरविणाऱ्या आकड्यामागे शिक्का मारणारा हात असतोच.

शिवाय जे छापलेच गेले नाही, ते यंत्र वाचणार कसे? त्याच वर्षी एक लाखाहून अधिक अभ्यास याच पद्धतीने तपासणाऱ्या दुसऱ्या संशोधनात तापमानवाढीच्या परिणामांचा भक्कम पुरावा गरीब देशांच्या तुलनेत श्रीमंत देशांत दुपटीने आढळला. गरीब देशांना झळ कमी लागते, असा याचा अर्थ नव्हे. तेथे संशोधनाला पैसा नाही, एवढाच त्याचा अर्थ! उद्या मदतनिधीचे वाटप अशाच नकाशांवरून झाले, तर ज्याचा अभ्यास झाला त्याला मदत आणि ज्याचा झाला नाही त्याला उपेक्षा, हाच न्याय होईल.

महाराष्ट्राला हे समजणे अवघड नाही. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, बांध घालणाऱ्या श्रमिकांच्या लढ्यातून रोजगार हमीचा विचार बळावला. १९७७ साली त्याचा कायदा झाला. अवर्षणाला तोंड देण्याचे इतके मोठे धोरण कष्टकऱ्यांच्या रेट्याने उभे राहिले, तेव्हा त्याला ‘अनुकूलन’ हे नाव कोणी दिले नव्हते. त्यावर पुढे इंग्रजीत ग्रंथ झाले. पण हजेरीपत्रके, मोर्चांची निवेदने, ग्रामसभांचे ठराव शास्त्रीय नियतकालिकांच्या सूचीत कोठून येणार?

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. शिक्के कोणी व कोणत्या कसोटीवर मारले, हे जाहीर झाले पाहिजे. नकाशावरील कोरी जागा अज्ञानाची खूण मानली पाहिजे. तिला सुरक्षिततेचा दाखला समजता कामा नये. आणि ग्रामसभेची साक्ष शोधनिबंधाइतकीच ग्राह्य धरली पाहिजे.

कार्यकर्त्यांनीही आपली जबाबदारी ओळखावी. कोणत्या गावची विहीर कधी आटली, उन्हामुळे मजुरांचे किती दिवस बुडाले, कोणते कुटुंब ऊसतोडीला गेले, याची नोंद गावोगाव तारीखवार झाली पाहिजे. यंत्र मौन मोजत नाही. ते मौन मोडण्याचे काम संघटनेचेच आहे.