शाळेच्या दिव्याला तेल कोणाचे?

दिवाळीच्या अंकात खर्चाची वही उघडू नये, हे मला कळते. चकलीचे ताट समोर असताना खडूची आणि झाडूची गोष्ट काढणारा मनुष्य अरसिकच म्हटला पाहिजे. पण यंदा लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आमच्या घरी एका शाळेची खर्चवहीच पुढे आली, त्याला मी तरी काय करणार?

माझी भाची कोहमाऱ्यापासून बरीच आत, जंगलाच्या अंगाला असलेल्या एका गावी शिक्षिका आहे. पहिली ते चौथीची शाळा, मुले २८, शिक्षक दोन. त्यातली ही थोरली म्हणून मुख्याध्यापिकेचे कामही हिच्याकडे. मीही अशाच शाळांतून आयुष्य काढले आहे, म्हणून वही घेऊन ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "मामाजी, हे बिल कोणत्या रकान्यात लिहू?"

बिल विजेचे होते. जुलै महिन्यात थकबाकीपायी शाळेची वीज तोडली गेली. ऐन पावसाळा, कौलारू वर्गात भर दुपारी अंधार. हिने आपल्या पगारातून पैसे भरले आणि दिवा लावला. भिंतीवर एका दात्याने दिलेला दूरदर्शन संच आहे, त्यावर दात्याचे नाव ठळक अक्षरांत आहे. तो संच तीन आठवडे आरशासारखा काळा पडून होता. त्यात मुले आपले चेहरे पाहत.

आता कोणी म्हणेल, सरकार अनुदान देते ना! देते. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत शाळेला वर्षाकाठी संयुक्त अनुदान मिळते. ३० पर्यंत मुले असतील तर १०,००० रुपये, त्यापुढे १०० पर्यंत २५,०००, आणि हजारावर मुले असतील तर एक लाख. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने प्राथमिक वर्गांचे किमान २०० दिवस भरले पाहिजेत. दहा हजारांना दोनशेने भागा. दिवसाला पन्नास रुपये! त्यातला दहावा भाग स्वच्छतेवर खर्च करण्याचे बंधन आहे, म्हणजे उरले पंचेचाळीस. एवढ्यात वीज, खडू, हजेरीपट, घागरी, तुटलेली कडी, फुटलेले कौल. कोहमाऱ्याच्या चौकात चार जणांनी नाश्ता केला तरी याहून अधिक बिल होते.

आणि यातला न्याय तरी पाहा. तिसाव्या मुलापर्यंत दहा हजार, एकतिसावे आले की पंचवीस हजार. त्या गावात तीन पाळणे अधिक हलले असते तर माझ्या भाचीला पदरमोड करावी लागली नसती! डोकी मोजून पैसे देण्याची ही रीत शहरात शोभते. पण कौल फुटते ते खाली २८ मुले बसली आहेत की १२८, हे विचारून फुटत नाही. लहान शाळेचा दर मुलामागचा खर्च अधिकच असणार. तो अधिक आहे म्हणून आधी तिला उपाशी ठेवायचे, आणि मग पटसंख्या नाही म्हणून २०२३ साली निघाली तशी 'समूह शाळा' करण्याची भाषा काढायची! जंगलातल्या वाटेने सात वर्षांची पोर दुसऱ्या गावच्या शाळेत कशी जाईल, हे ज्यांनी ठरवायचे त्यांनी नागझिऱ्याच्या कडेने एकदा संध्याकाळी पायी चालून पाहावे.

पगारावर सरकार पुष्कळ खर्च करते, हे मी नाकारीत नाही. त्या पगारावरच माझे घर चालले. पण पगाराखेरीज जे जे लागते त्याला सरकारी भाषेत शब्दच आहे 'वेतनेतर'. म्हणजे उरलेसुरले! खाजगी अनुदानित शाळांचे हे उरलेसुरलेही मध्यंतरी काही वर्षे बंद होते. २०१३ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. एस.टी.च्या चालकाला पगार द्यावा आणि डिझेलसाठी उतारूंपुढे टोपी फिरवावी, असा हा कारभार.

टोपी फिरवण्याचा आता शासन निर्णयही झाला आहे. २०२३ च्या 'दत्तक शाळा' योजनेत दात्याने शाळेला वस्तू आणि सेवा द्याव्यात, रोख पैसे नव्हेत, आणि त्याचे नाव शाळेला जोडता यावे, अशी सोय आहे. दात्यांना मी दोष देत नाही. पण दाता पंखा देतो, कारण पंख्यावर नाव घालता येते. विजेच्या बिलावर नाव कोण घालणार?

भाऊबीजेनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार होते, नाटक होते. वर्गणी मागायला आलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांपुढे मी हे रडगाणे गायिलो. ते हसून म्हणाले, "मास्तर, नाटकाले वर्गनी निघते, मंग शाळेले काहून नाही निघत?"

प्रश्न बिनतोड वाटतो. क्षणभर मीही गप्प झालो. पण वर्गणी कोहमाऱ्यात निघेल. हा हमरस्त्यावरचा गाव. मुंबई-कोलकात्याची वाहने दाराशी थांबतात, दुकाने आहेत, हॉटेले आहेत. आत मामा तलावाच्या पाण्यावर एक धान पिकवणाऱ्या पाड्यात काय निघणार? हा प्रयोग आपल्याकडे एकदा होऊन चुकला आहे. आमचा भाग मध्य प्रांतात होता तेव्हा, १९३७ च्या मंत्रिमंडळात असताना रविशंकर शुक्लांनी विद्यामंदिर योजना काढली. शाळेला जमीन दान मिळावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी. शाळेला स्वतःचे हक्काचे उत्पन्न असावे, हा विचार मला आजही पटतो. पण जमीन देणारा उदार मालगुजार असेल तिथे शाळा, नसेल तिथे काय? १९३९ मध्ये मंत्रिमंडळ गेले आणि योजनाही मागे पडली.

शिवाय वर्गणी आपण दिलेलीच आहे. शहरातल्या घरपट्टीत १९६२ पासून शिक्षण उपकर आहे. आयकर भरणाऱ्या वाचकांनी आपला कागद काढून पाहावा; त्यावर ४ टक्के 'आरोग्य व शिक्षण उपकर' दिसेल. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडले होते, की तिजोरी भरते रयतेच्या घामाने आणि विद्येचा लाभ होतो वरच्यांना. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के खर्च करा, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले; २०२० च्या धोरणाने तेच पुन्हा लिहिले. चौपन्न वर्षांनी तोच आकडा पुन्हा लिहावा लागतो, यातच सारे आले.

माझे मागणे फार नाही. शाळेचे विजेचे बिल सरकारने परस्पर भरावे. प्रत्येक शाळेला, मुले बारा असोत की बाराशे, चालू खर्चाची एक किमान रक्कम मिळावी. डोकी मोजायची ती त्यावरच्या वाढीसाठी मोजावीत. आणि ती रक्कम जूनमध्ये, शाळा उघडताना हाती पडावी. भाचीच्या वहीत गेल्या वर्षीचे पैसे मार्चमध्ये जमा दाखवले आहेत. पावसाळ्याचे कौल उन्हाळ्यात घ्यायचे!

त्या गृहस्थांना मी मंडईची वर्गणी दिली, नाटकही पाहीन. भाचीने ते बिल कुठल्याच रकान्यात लिहिले नाही. वहीत घडी करून ठेवले आणि फराळाला बसली.